तोंड उरतंय

"पुना बोल," सरूबाई म्हणाली, आणि तिचा कोयता हलव्याच्या मानेवर अर्ध्यातच थांबला.

मार्तंडला कळेना, पुन्हा बोलण्यासारखं आपण काय बोललो. रविवारी सकाळी कांदिवलीत, चारकोपच्या मासळी बाजारात माणूस जे बोलतो तेच तो बोलला होता. बोंबलांचा वाटा घेऊन झाल्यावर त्याने वर एक मागितला, सरूबाईने मान उडवली, आणि तो म्हणाला, "बघा बाई, शेवटी हे तुम्हीच ठरवायचं." यात गुन्हा काय झाला? वर्षानुवर्षं तो हिच्याकडूनच मासळी नेत होता. म्हणजे नेत होती पद्मजा, त्याची बायको. निवडायची ती, घासाघीस करायची ती, कल्ले उघडून आत बघायची ती. मार्तंड नुसती पिशवी धरायचा. आज पद्मजाची पाठ धरली होती म्हणून पिशवीला एकटीनेच यावं लागलं, आणि तिला धरायला म्हणून तो. तेव्हा इतक्या वर्षांत सरूबाईने आपला आवाज आज पहिल्यांदाच ऐकला असणार, हे त्याच्या जरा उशिरा लक्षात आलं.

"बोल रं. शेवटी क ते?"

"शेवटी हे तुम्हीच ठरवायचं," मार्तंड म्हणाला. तो घाबरला होता, आणि घाबरला की त्याचा आवाज फार सुंदर लागायचा. खोल, भरदार, थेट छातीतून येणारा. ऐकणाऱ्याला वाटावं, या गृहस्थाने जगाचा सगळा विचार आधीच करून ठेवलेला आहे.

सरूबाईने कोयता खाली ठेवला आणि शेजारच्या कोळणीला कोपराने ढोसलं. "विमले, आयक आयक. ह्योच तो! आमचे दिपालीचे फोनमधला डाकतर. ह्या मेल्यानी माजा घर मोडला!"

आजूबाजूची गिऱ्हाइकं थोडी मागे सरली, घर मोडणारा माणूस नीट दिसावा म्हणून. कोळंबी निवडत असलेल्या एका बाईने पर्स उचलून दुसऱ्या खांद्यावर घेतली. मार्तंडला हसू यायला हवं होतं, कारण एकसष्ट वर्षांच्या आयुष्यात त्याच्या हातून कपबशीसुद्धा क्वचितच मोडली होती. पण 'फोनमधला डाकतर' हे शब्द ऐकल्याबरोबर त्याने हातातली पिशवी छातीशी धरली. कारण तो डॉक्टर त्याच्या ओळखीचा होता. डॉ. हेन्ड्रिक, मुक्काम हॉलंड, पाण्याचे जाणकार. दोघांची भेट कधी झाली नव्हती, होण्यासारखीही नव्हती. पण मराठीत डॉ. हेन्ड्रिक म्हणजे मार्तंडच होता. शाश्वत विकासाचा तो ऑनलाइन शिक्षणक्रम कोणालाही फुकट शिकता येत होता, जगातले मोठमोठे तज्ज्ञ त्यात शिकवत होते, आणि त्यातल्या यच्चयावत पुरुष तज्ज्ञांचं मराठी मार्तंडच्या घशातून येत होतं. हॉलंडचे हेन्ड्रिक पाण्यावर बोलायचे, केनियाचे ओटिएनो जंगलांवर, चिलीचे रिव्हेरो शहरांवर. तिघांना तीन आवाज द्यायचे असं सुरुवातीला ठरलं होतं. हेन्ड्रिकला खर्ज, ओटिएनोंना थोडा गोडवा, रिव्हेरोंना जरा घाई. पण तिसऱ्या धड्यापर्यंत मार्तंडचा घसा बसला आणि तिघेही एकाच घरात वाढल्यासारखे बोलू लागले. खाली चर्चेच्या पानावर साताऱ्याच्या एका विद्यार्थ्याने विचारलंही होतं, की हे तिन्ही सर एकमेकांचे भाऊ आहेत का. त्याला कोणीतरी उत्तर दिलं होतं, की हो, चुलत.

हे काम ओजसने आणलं होतं. अंधेरीला एका ब्यूटी पार्लरच्या वर त्याचा स्टुडिओ होता. स्टुडिओ म्हणजे एक खोली आणि तिच्या पोटात दुसरी, कपाटाएवढी खोली, भिंतींना काळा फोम मारलेली. आत पंखा चालत नसे, कारण तो ऐकू येतो. एसी चालत नसे, कारण तोही ऐकू येतो. मार्तंड बनियनवर बसून, पाण्याच्या प्लास्टिकच्या बाटल्या एकामागून एक रिकाम्या करत, पृथ्वीचं तापमान का वाढतंय ते महाराष्ट्राला सांगत असे. समोर छोटा पडदा, त्यावर तज्ज्ञाचं तोंड. तोंड उघडलं की बोलायचं, मिटलं की थांबायचं. मजकूर पुण्याहून कोणीतरी भाषांतर करून पाठवत असे, पण इंग्रजी वाक्य आणि मराठी वाक्य यांची लांबी कुठे जुळते? कधी मराठी संपत नसे आणि तज्ज्ञ ओठ मिटून समाधानाने बघत राहायचे; मग ओजस काचेपलीकडून ओरडायचा, "काका, वाक्य उरतंय, कापा." आणि कधी उलटं व्हायचं. वाक्य संपून जायचं आणि तज्ज्ञ मजेत बोलतच असायचे. तेव्हा ओजस म्हणायचा, "काका, तोंड उरतंय. टाका काहीतरी." मग मार्तंड टाकायचा. 'अर्थातच'. 'हे आपल्याला ठाऊक आहेच'. 'असो'. वरणात पाणी वाढवावं तसं. एरवी त्याने आयुष्यात दुसऱ्यांचीच वाक्यं म्हटली होती. बँकेत होता तेव्हा बोरिवलीच्या शाखेत टोकनचे नंबर पुकारायचं काम साहेबांनी मुद्दाम त्याला दिलं होतं. पैसे काढायला आलेल्या पेन्शनर बायका आपला नंबर होऊन गेला तरी बाकावर बसून ऐकत राहायच्या. पण टोकनचा नंबर काही त्याचा स्वतःचा विचार नव्हता. निवृत्तीनंतर प्रेशर कुकरच्या जाहिराती झाल्या, एका टॉवरच्या लिफ्टमध्ये 'कृपया दरवाजापासून दूर उभे राहा' झालं. त्या टॉवरमधले लोक ऐकायचे ते. दूर उभे राहायचे.

"मी काय केलं हो?" मार्तंडने आवाज शक्य तितका लहान करून विचारलं.

"तू बोलतंस कं नाय, 'घरचे नाही म्हणतील, त्यांचं ऐकू नका'?" ते वाक्य सरूबाईने मोठ्या झोकात, शहरी मराठीत, त्याच्याच खर्जात म्हणून दाखवलं. विमलाने दाद दिली. "तवापासून सून माजेशी बोलत नाय. वाडते, पानी देते, पन तोंडातनं सबुद नाय. मी बोलले तं कानाला ता मेला लावते आनि तुना आयकत बसते!"

मग तिने एका हाताने हलवा कापत सगळं सांगितलं, आणि कापलेला हलवा कोणाचा हे दोघेही विसरले. तिचं घर खाडीपलीकडे, मनोरीला. घरामागे खाडीपर्यंत उतरत गेलेलं मोकळं आवार, बोंबील वाळवायला काठ्या रोवलेल्या. तिचा मुलगा प्रज्योत तिथल्याच एका रिसॉर्टवर कामाला. तो म्हणतो, आवारात दोन खोल्या बांधू, शनिवार-रविवारच्या पाहुण्यांना देऊ, आई, तू घरी बस. आणि सरूबाईला घरी बसायचंच होतं. "गुडगं गेलं माजं. टोपली डोक्यावर, बोटीन चढा, बोटीतनं उतरा, बस धरा, किती वरसं करू रं?" पण सून दिपाली म्हणते, आवारात सिमेंट नको. मंगळवारी मिस्तरी पाया खणायला येणार, आणि ही म्हणते, मी त्या काठ्यांत जाऊन बसेन, मला उचला आणि मग खणा. हे सगळं त्या फोनमधल्या डॉक्टरामुळे. तेव्हा त्याने उद्या मनोरीला यायचं, दिपालीसमोर उभं राहायचं आणि त्याच आवाजात सांगायचं, घरच्यांचं ऐका.

"त्याच आवाजान. समाजलास?"

"हो," मार्तंड म्हणाला, कारण समोरून एवढ्या जोरात काही सांगितलं गेलं की तो हो म्हणायचा, आणि हलवा घरी घेऊन आला. पद्मजाने बोंबील आणायला सांगितले होते. बोंबील तिथेच राहिले होते.

खरं तर सगळा रस्ताभर त्याला एकच गोष्ट खात होती. ते वाक्य त्याने टाकलं होतं. 'अर्थातच' आणि 'असो' यांच्यासारखंच, पण एवढं मोठं पूर्वी कधी टाकलं नव्हतं. मूळ धड्यात हेन्ड्रिकसाहेब सांगत होते, की गावातल्या पाण्याचं आणि मोकळ्या जागेचं काय करायचं हे बाहेरच्या तज्ज्ञाने सांगायचं नसतं. मराठी सरळ होतं: 'शेवटी हे तुम्हीच ठरवायचं.' ते संपलं आणि साहेबांचं तोंड चालूच. ते बहुधा घुटमळत होते, किंवा दातात काही अडकलं असेल, पण ओठ चांगले हलत होते. ओजस म्हणाला, "काका, तोंड उरतंय, बरंच उरतंय." आणि मार्तंडने काही विचार करायच्या आत म्हटलं, "घरचे नाही म्हणतील. त्यांचं ऐकू नका." इतकं चपखल बसलं, की शेवटच्या 'का'ला साहेबांनी ओठ उघडे ठेवून भुवया उंचावल्या. ओजसने काचेपलीकडून अंगठा दाखवला. "झकास! चला, पुढचं." मार्तंड पुढचं म्हणाला, ठिबक सिंचनाबद्दल काहीतरी. पण त्या दिवशी अंधेरीहून घरी येताना छातीत काहीतरी हललं होतं, आणि त्याने ते जळजळ समजून सोडा प्यायला होता.

जळजळ नव्हती ती, आता चारकोपच्या रस्त्याने हलवा नेताना त्याला वाटलं. कुठून आलं ते वाक्य? पुण्याच्या भाषांतरात नव्हतं, हेन्ड्रिकच्या डोक्यात नव्हतं. म्हणजे आपल्याच आत कुठेतरी ते बसून होतं, तोंड मिळायची वाट बघत. बाविसाव्या वर्षी रेडिओवर निवेदक म्हणून त्याची निवड झाली होती. आवाजाची चाचणी घेणाऱ्या बाईंनी चष्मा काढून त्याच्याकडे बघितलं होतं, एवढंच आता आठवत होतं. बाईंचा चेहरा आठवत नव्हता, चष्म्याची खूण पडलेलं नाक आठवत होतं. घरी येऊन सांगितलं तर वडील, भाऊराव, आरामखुर्चीतून न उठता म्हणाले होते, "बोलायचे पैसे? मग गप्प बसणाऱ्याने खायचं काय?" या वाक्याला काही अर्थ नव्हता. मार्तंडने पुढे कितीतरी वर्षं ते उलटसुलट करून बघितलं, अर्थ निघाला नाही. पण त्या वेळी सगळं घर हसलं, आई हसली, आणि तोही हसला, आणि बँकेच्या परीक्षेला बसला. तसा तो दुःखी नव्हता. बँक चांगली होती, पद्मजा चांगली होती, मुलगा मिहिर शिकून बंगळूरला गेला होता. नुसतं घरात त्याचा आवाज बारीक झाला होता. 'अगं' असा सुरू व्हायचा आणि बऱ्याचदा तिथेच राहायचा. पद्मजाला त्याच्या जाहिराती ऐकून मैत्रिणी म्हणायच्या, काय गं भारदस्त आवाज आहे तुझ्या ह्यांचा, तेव्हा ती खरोखरच बुचकळ्यात पडून विचारायची, कोणाचा?

"बोंबील कुठायत?" पद्मजाने पलंगावरून विचारलं. शेकायची पिशवी पाठीशी घेऊन ती पडली होती. मार्तंडने झालं ते सगळं सांगितलं. ती मुकाट्याने ऐकत होती, म्हणजे पाठ बरीच दुखत असावी.

"तुम्ही असं म्हणालात? लोकांना? घरच्यांचं ऐकू नका?"

"अगं, तोंड उरत होतं."

"मग काहीतरी चांगलं म्हणायचं. 'झाडं लावा' म्हणायचं." तिने कूस बदलली. "दुसऱ्याच्या घरात काड्या घालून ठेवल्यात. उद्या जा आणि त्या मुलीला नीट सांगून या, घरच्यांचं ऐक म्हणून. आणि सुके बोंबील घेऊन या येताना."

दुपारी गॅलरीत जाऊन त्याने हळूच ओजसला फोन लावला. ते वाक्य काढून टाकता येईल का? ओजस हसायलाच लागला. "काका, वेडे आहात का? सगळ्या कोर्समध्ये तेच एक वाक्य चाललंय. लोक परत परत मागे नेऊन ऐकतायत. चिपळूणच्या एका बाईने लिहिलंय, सरांनी हे आमच्या सासूबाईंना फोन करून सांगावं. तुम्ही पुढच्या कोर्सला असंच टाकत जा यार, मस्त टाकता." मार्तंडने फोन ठेवला. खाली कोणीतरी कुंड्यांना पाणी घालत होतं. चिपळूण. म्हणजे फक्त मनोरी नाही. त्याच्या डोळ्यांसमोर महाराष्ट्राचा नकाशा आला, शाळेच्या भिंतीवर असायचा तसा, आणि त्यावर ठिकठिकाणी, लातूरला, जळगावला, कणकवलीला, एकेका स्वयंपाकघरात एकेक सून कानात ते मेलं घालून गप्प झालेली. सगळ्या सासवा उद्या एकेक करून कांदिवलीला यायला निघतील. त्याला दरदरून घाम फुटला. आणि त्या घामाच्या खाली, अगदी तळाशी, कसली तरी लाज वाटावी अशी एक गुदगुली झाली. मागे नेऊन ऐकतायत. हेन्ड्रिकचं नाही, ओटिएनोंचं नाही, त्या चुलतभावांपैकी कोणाचंच नाही. माझं. उद्या मनोरीला जाऊन ते परत घेतलं की आयुष्यात म्हटलेल्या एकुलत्या एका स्वतःच्या वाक्याचा निकाल लागणार. तो आत गेला आणि पद्मजाची शेकायची पिशवी पुन्हा गरम करून आणली.

सोमवारी मार्व्याच्या जेट्टीवर भरती होती आणि मनोरीच्या बोटीत मोटरसायकली चढवत होते. मार्तंड कडेला उभा राहून तालीम करत होता. 'घरच्यांचं ऐका.' हेन्ड्रिकच्या खर्जात ते फारच सरकारी वाटलं. ओटिएनोंच्या गोडव्यात लबाड वाटलं. रिव्हेरोंच्या घाईत तर धमकीच वाटली. बाजूला टोप्या घातलेलं एक जोडपं उभं होतं, ते हळूहळू मोटरसायकलींच्या पलीकडे सरकलं. आपण हे म्हणू शकतो, यात त्याला शंका नव्हती. जन्मभर हेच केलं, समोर आलेलं म्हटलं. पण ते म्हणून झाल्यावर आपण कुठे जाऊ, असा एक विचित्र प्रश्न त्याला पडला. आणि कांदिवलीला, दुसरं कुठे, असं उत्तर त्याने त्याला देऊन टाकलं. सुके बोंबील घेऊन.

सरूबाई उतारावर वाट बघत उभी होती. बाजार बुडवून थांबली होती ती. घरी नेऊन तिने त्याला खुर्ची दिली, चहा दिला, बायकोनेही हेच सांगून पाठवलंय हे त्याच्याकडून काढून घेतलं, आणि प्रज्योतने आत्मीयतेने हात मिळवून त्याच्याबरोबर फोटो काढला. "साहेब, हॉलंडला थंडी असेल ना आता?" मार्तंड म्हणाला, असेल. मग सरूबाईने हाक मारली आणि आतून दिपाली आली. बारीक, सावळी, पंचविशीतली, ओले हात पदराला पुसत. सरूबाई म्हणाली, "बग, तुजा डाकतर आनलाय," आणि मिरच्या जळायला लागल्या म्हणून आत पळाली. मागोमाग फोन वाजला म्हणून प्रज्योत ओटीवर गेला.

दिपालीने त्याच्याकडे बघितलं आणि ती एकदम खालच्या आवाजात म्हणाली, "सर, ते वाक्य तुम्ही टाकलंत ना?"

मार्तंडने चहाची कपबशी खाली ठेवली.

"मी धडा खाली इंग्लिश अक्षरं लावून पण बघते," ती म्हणाली. "तिथे ते नाही. हेन्ड्रिकसर तिथे नुसतं 'अं… म्हणजे… बघा' करतात."

"मग तुला ठाऊक होतं, की ते तज्ज्ञांनी म्हटलेलं नाही?"

"पहिल्या दिवसापासून."

"आणि तरी?"

"तरी काय. कोणीतरी म्हणायला हवंच होतं ना." तिचा आवाज इतका हळू होता, की त्याला पुढे वाकावं लागलं. "मी बोलते ते ह्या घरात ऐकूच येत नाही हो. हे सगळे होडीवरचे लोक, वाऱ्यावर ओरडून बोलायची सवय. मी तोंड उघडलं की हे सुरू होतात. दोनदा सांगितलं, तीनदा सांगितलं. मग म्हटलं, गप्पच बसते. कधी फोन मोठ्याने लावला, तर तुमचं बोलणं मात्र आई शेगडी बारीक करून ऐकतात." ती थांबली. "तुम्ही ते परत घ्यायला आलात, होय ना?"

तेवढ्यात सरूबाई पदराने तोंड पुसत आली आणि सगळ्यांना मागच्या दाराने आवारात घेऊन गेली. जिथे पाया खणायचा तिथेच निकाल लागावा असं तिच्या मनात असावं. काठ्यांना दोर बांधलेले, दोरांवर बोंबील जबड्यात जबडा अडकवून टांगलेले, शेकडो, सगळ्यांची तोंडं उघडी. वारा आला की हलत होते. पलीकडे खाडीचं पाणी काठ्यांच्या पायथ्याशी येऊन मागे जात होतं. वास असा होता, की मार्तंडला भूक लागली आणि पद्मजाची आठवण झाली.

"हं," सरूबाई म्हणाली. "बोल आता."

मार्तंडने छाती भरून घेतली. वाक्य तयार होतं, खर्ज तयार होता. पण आवाज निघेना. असं कधीच झालं नव्हतं. मग त्याच्या ध्यानात आलं, की आपण कधीच पहिल्यांदा बोलत नाही. समोर कोणाचं तरी तोंड उघडावं लागतं, मग आपलं उघडतं. त्याने घाबरून सरूबाईकडे बघितलं, तिचे ओठ घट्ट मिटलेले. प्रज्योत फोनमध्ये. आणि तेवढ्यात दिपालीचे ओठ उघडले. ती सासूकडे बघून काहीतरी म्हणाली, लगेच प्रज्योत सुरू झाला, "अगं ए, ते बोलतायत ना, तू कशाला—" आणि मार्तंडचा आवाज, सवयीने, तिच्या ओठांमागून अर्ध्या क्षणाने, तिचंच वाक्य घेऊन आपोआप निघाला.

"आई, तुमचे गुडघे दुखतात ते मला दिसतं."

प्रज्योत गप्प झाला. खोल, भरदार आवाज होता. वाऱ्यातून सरळ येत होता. सरूबाई साधारण मार्तंडच्याच वयाची होती आणि तो तिला आई म्हणत होता, पण ती हसली नाही. दिपालीने डोळ्याच्या कोपऱ्यातून एकदा त्याच्याकडे बघितलं. मग ती पुन्हा बोलू लागली, आता सावकाश, त्याला वेळ देत, वाक्यं छोटी करून. ओजसकडे दहा वर्षं काम केलेल्या माणसालाही इतकं नेमकं जमत नाही, असं मार्तंडला बोलता बोलता वाटून गेलं.

"टोपली उद्यापासून मी नेईन. तुम्ही घरी बसा. मी हे आधीही म्हटलं होतं, कोणाच्या कानावर गेलं नाही. बाजार मला शिकवा. शिव्यासुद्धा शिकवा. पण ही जागा नका बांधू. माहुलला माझ्या आईच्या घरामागे असंच आवार होतं. खाडी दिसायची. आता भिंत आहे. आई रोज दुपारी मागच्या दारात बसते आणि भिंतीकडे बघते. मी विचारते, काय बघतेस, तर म्हणते, काही नाही. तुम्ही घरी बसाल तेव्हा तुम्हाला तसं बसलेलं मला बघवणार नाही."

दिपालीचे ओठ मिटले आणि आवाज थांबला. सरूबाईने पदर डोळ्यांना लावला, मग नाकाला लावला, मग एक बोंबील उगाच नीट टांगला.

"शिव्या शिकवीन," ती शेवटी म्हणाली. "परज्या, त्या मिस्तरीला फोन लाव. मंगलवारी येव नको सांग."

"आये, अॅडव्हान्स दिलाय—"

"लाव बोलले ना."

प्रज्योत तोंड पाडून फोन लावू लागला, आणि लावता लावता त्याला मुद्दा सुचला. "ठीक आहे. खोल्या नाही तर नाही. पण साहेब एवढे आलेत, तर ते पण सांगून जाऊ देत. नाहीतर ही उद्या अजून कशाला तरी नाही म्हणेल. सांगा ना साहेब, इथून पुढे घरच्यांचं ऐकायचं म्हणून."

"हां," सरूबाई वळली. तिचे डोळे अजून ओले होते, पण बाजारातला धडाका परत आला होता. "ता सांग. कबूल केलास तू. आनि तुजे बायकोनी पन सांगितला ना?"

मार्तंडने दिपालीकडे बघितलं. तिचे ओठ मिटलेले होते. ती त्याला मदत करणार नव्हती, किंवा करत असेल तर ती अशी. तिघेही त्याच्याकडे बघत होते. कोणाचंच तोंड हलत नव्हतं.

"नाही सांगणार," असं ऐकू आलं. आवाज बारीक होता, किंचित चिरका, कधी कोणी न वापरलेला. हेन्ड्रिकचा नव्हता, त्याच्या भावांचाही नव्हता. सरूबाईने चमकून आधी सुनेकडे बघितलं, मग मुलाकडे, मग मागे कोणी उभं आहे का ते बघितलं.

"कोन बोलला?"

"मी," मार्तंड म्हणाला.